मागच्या खुर्चीतले मास्तर

आमच्या धंद्यात माणसाचा आवाज महिनाभर टिकतो. हवाई वाहतूक नियंत्रक वैमानिकाशी किंवा शेजारच्या केंद्राशी जे काही बोलतो ते सगळं ध्वनिमुद्रित होतं, आणि आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ते किमान 30 दिवस जपून ठेवावं लागतं. कुठे काही विपरीत घडलं, चौकशी लागली, तर ते मुद्रण कुलपात जातं. एरवी त्यावर नवं चढतं. म्हणजे ज्याची नोकरी निर्वेध पार पडली त्याचं बोलणं पुसलं गेलं असंच समजायचं. मास्तरांचं तसंच झालं. गेल्या पावसाळ्यात ते गेले. आता त्यांचा आवाज ऐकायचा तर निरोपसमारंभात कुणीतरी मोबाइलवर घेतलेला एक व्हिडिओ तेवढा आहे. त्यात ते भाषण टाळून बटाटेवडे कुणाकुणाला मिळाले नाहीत याची चौकशी करताना दिसतात.

ऑफिसात वरिष्ठांना ‘सर’ म्हणायची पद्धत. यांना मात्र मलयाळी, बंगाली, बिहारी, सगळेच मास्तर म्हणत. आमच्यातले बहुतेक जण अलाहाबादजवळच्या बमरौलीच्या प्रशिक्षण महाविद्यालयातून नियम पाठ करून मुंबईला यायचे. तिथे शिकलेलं इथे जिवंत विमानांवर कसं चालवायचं, हे मास्तरांच्या हाताखाली कळायचं. हुद्द्याने त्यांच्यापेक्षा मोठी झालेली माणसंही त्यांना मास्तरच म्हणत राहिली.

मुंबईच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने काम करता येत नाही आणि बहुतेक सगळा भार एकीवरच पडतो. गर्दीच्या वेळी तासाला 45च्या आसपास विमानं, म्हणजे साधारण दर 80 सेकंदांना एक चढतं किंवा उतरतं. उतरणाऱ्या दोन विमानांमधल्या फटीत एक उडवायचं, ते धावपट्टी सोडतंय तोवर मागचं घाटकोपरवर आलेलं असतं. या कामाचं कौतुक बाहेरच्या माणसाला वाटतं ते बोलण्याच्या वेगाचं. मास्तरांना त्या वेगाचं काहीच अप्रूप नव्हतं. नवा मुलगा झपाझप सूचना देऊन आमच्याकडे अभिमानाने बघायला लागला की ते विचारायचे, “बोललास छान. पण तो काय म्हणाला?”

हा प्रश्न साधा नाही. नियंत्रकाने उंची, दिशा, धावपट्टी सांगितली की वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते. त्याला रीडबॅक म्हणतात. ते म्हणून दाखवलेलं बरोबर आहे की नाही हे ऐकणं नियंत्रकाचं काम, आणि खरी गोम तिथे आहे. आपण जे सांगितलं तेच आपल्याला ऐकू येतं. माणसाचा कान लबाड असतो, अपेक्षित आकडा स्वतःच भरून घेतो. त्यात दोन विमानांचे क्रमांक एकसारखे असले तर एकाची सूचना दुसरा उचलतो. मास्तर रीडबॅक ऐकताना हातातलं पेन थांबवायचे. शब्द पूर्ण कानावर पडल्याशिवाय स्ट्रिपवर, म्हणजे त्या विमानाच्या नोंदीच्या पट्टीवर, खूण नाही. समोर कितीही गर्दी असो, तेवढा अर्धा सेकंद ते कुणालाही देत नसत.

ही सवय त्यांना समुद्राने लावली होती. मुंबई केंद्राची हद्द अरबी समुद्रावर दूरवर जाते. किनाऱ्यापासून काही अंतरावर रडार संपतं. मग विमान कुठे आहे हे कळायचं ते लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओवरून: अमुक बिंदू अमुक वाजता ओलांडला, उंची इतकी, पुढचा बिंदू अमुक वेळेला. पावसाळ्यात त्या रेडिओत नुसती खरखर. आलेला निरोप कागदाच्या स्ट्रिपवर उतरवायचा आणि दोन विमानांमधलं अंतर मिनिटांत मोजायचं. पडद्यावर ठिपका नाही, खिडकीबाहेर काही नाही, समोर फक्त स्ट्रिपांची ओळ. त्या ओळीवरून सगळं आकाश डोळ्यांपुढे उभं करायचं. आम्ही त्याला ‘पिक्चर’ म्हणतो. पिक्चर आहे तोवर नियंत्रक आहे. ते सुटलं की उरतो तो नुसता बोलणारा माणूस. पुढे उपग्रहामार्फत लेखी संदेश आले आणि खरखर बरीच संपली. मास्तरांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. जुन्या हालांच्या आठवणी काढून गळा काढणाऱ्यांपैकी ते नव्हते.

टॉवरवर नवीन आलेल्याला ते आधी पश्चिमेकडे उभं करायचे आणि जुहूची धावपट्टी दाखवायचे. 1953 मध्ये बीओएसीचं कॉमेट आणि 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-8 सांताक्रूझ समजून त्या चिमुकल्या जुहूला उतरलं होतं. कॉमेट पुढे तिथून उडवून नेता आलं, डीसी-8 मात्र धावपट्टी ओलांडून निकामी झालं. दोन्ही वेळी वैमानिक अनुभवी होते. मास्तरांचं म्हणणं असं की, वैमानिकाला समोर धावपट्टी दिसली, आणि दिसलेल्या गोष्टीवर माणूस शंका घेत नाही. ती शंका त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी घ्यायची असते. “आपला पगार त्या शंकेचा आहे,” असं ते म्हणायचे.

दुसऱ्या कुणीतरी. मास्तरांची सगळी विद्या या दोन शब्दांत होती, असं मला आता वाटतं. शिकाऊ नियंत्रक खऱ्या विमानांवर काम करतो तेव्हा त्याच्या मागे किंवा शेजारी शिकवणारा बसतो. हेडसेट दोघांच्या कानाला. शिकवणाऱ्याने बटण दाबलं की शिकाऊचा आवाज बंद आणि त्याचा सुरू. शिकाऊने काहीही गोंधळ घातला तरी जबाबदारी मागच्याची. अनेक शिक्षक या भीतीने दर दोन मिनिटांना बटण दाबतात. मास्तर गाण्याच्या मैफलीत तंबोऱ्यावर बसणाऱ्यासारखे बसायचे: आवाज नाही, पण सूर हलला की कळायचं. पोराला अडखळू द्यायचे, स्वतः सावरू द्यायचे, आणि बटणावरचं बोट मात्र एकदाही उचलायचे नाहीत. शिकवणी नसतानाही त्यांची ती खोड गेली नाही. पाळी बदलताना पोझिशन दुसऱ्याच्या हवाली केली की आम्ही चहाला पळायचो. ते मागेच थांबायचे, नव्या माणसाची दोनचार विमानं होईपर्यंत. कागदावर न आलेली एखादी गोष्ट नेमकी त्याच वेळात आठवते, हे त्यांचं कारण.

दरवर्षी नव्या तुकडीला ते युबरलिंगनची गोष्ट सांगत. 1 जुलै 2002ची रात्र. दक्षिण जर्मनीवरचं ते आकाश झुरिकच्या केंद्राकडे होतं. पाळीवर दोन नियंत्रक होते. त्यातला एक विश्रांतीला गेलेला. रात्री वाहतूक कमी, तेव्हा असंच चालायचं आणि व्यवस्थापनाला ते ठाऊक होतं. देखभालीच्या कामामुळे मुख्य टेलिफोन बंद आणि धोक्याची सूचना पडद्यावर दाखवणारी सोयही बंद. एकटा माणूस दोन पडदे सांभाळत होता. एका पडद्यावर उशिरा आलेलं एक विमान उतरवायचं होतं, आणि फोन लागत नसल्याने त्यातच तो अडकला. दुसऱ्या पडद्यावर एक रशियन तुपोलेव्ह आणि एक मालवाहू बोइंग एकाच उंचीवर एकमेकांची वाट छेदत येत होती. त्याच्या लक्षात आलं तेव्हा मिनिटभरही उरलं नव्हतं. त्याने तुपोलेव्हला खाली यायला सांगितलं. विमानातलं यंत्र त्याच वेळी तुपोलेव्हला वर जायला सांगत होतं. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. 71 जण गेले, त्यांत शाळकरी मुलंच जास्त. सुमारे वीस महिन्यांनी, बायको आणि दोन्ही मुलं गमावलेल्या एका माणसाने त्या नियंत्रकाला त्याच्या घरी जाऊन ठार मारलं.

या अपघातानंतर यंत्राचा इशारा आला तर वैमानिकाने यंत्राचंच ऐकायचं, हा नियम जगभर निःसंदिग्ध झाला. वर्गात सगळे तेच सांगत. मास्तर मान डोलवायचे आणि विचारायचे, “आणि खुर्ची कुणाची रिकामी होती?” त्या झुरिकच्या माणसाबद्दल त्यांच्या तोंडून वाकडा शब्द कधी ऐकला नाही. त्याच्या मागे कुणी बसलेलं असतं तर ती रात्र कुणाच्या आठवणीतही राहिली नसती, एवढंच ते सांगत.

हे शहाणपण दुसऱ्याला सांगायला सोपं आहे. मास्तरांनी ते स्वतःवर चालवून दाखवलं. जुलैतली संध्याकाळ, उतरायला येणारी विमानं सांभाळणाऱ्या अप्रोचच्या कन्सोलवर ते. सर कोसळली, दृश्यता पडली. उतरायला आलेलं एक विमान धावपट्टी न दिसल्याने पुन्हा वर गेलं, पाठोपाठ दुसरं गेलं. होल्डमध्ये घिरट्या घालणारी विमानं इंधनाचा हिशेब सांगू लागली, कुणी अहमदाबादला जाऊ का विचारतंय, कुणी गोव्याचं हवामान मागतंय. मास्तरांचा आवाज तसाच, एका पट्टीत. मध्येच त्यांनी डावा हात वर केला आणि माइक बंद ठेवून खणखणीत म्हणाले, “मागे या कुणीतरी. माझं पिक्चर सुटतंय.” पर्यवेक्षकाने लगेच काम दोघांत वाटलं. एकाने सुटणारी विमानं घेतली, एक जण मास्तरांच्या मागे कान देऊन बसला. थोड्या वेळात सगळं रुळावर आलं. मग मास्तर उठले, चहा प्यायले आणि पुन्हा येऊन बसले.

कुठल्याही नोंदवहीत जावं असं काही त्या दिवशी घडलं नाही. पण खोलीतल्या सर्वांत जाणत्या माणसाने सगळ्यांदेखत हात वर केला होता. आमच्या कामात अहंकार लागतो. त्याशिवाय शेकडो माणसांनी भरलेल्या विमानाला ‘डावीकडे वळ’ सांगण्याची हिंमत होत नाही. तोच अहंकार मदत मागताना घसा आवळतो. मास्तरांनी ती गाठ आमच्यापुरती सोडवून ठेवली. त्यानंतर आमच्या पाळीत हात वर करणाऱ्याला कुणी हसलं नाही. पुढे मास्तरांच्या पोरांची पोरं, म्हणजे त्यांच्या शिष्यांनी तयार केलेले नवे नियंत्रक, हात वर करताना मास्तरांचं नाव घेऊ लागली: “मास्तर, मास्तर” एवढंच म्हणायचं, की मागे कुणीतरी येऊन बसतं.

शोकसभेत बोलणाऱ्यांनी त्यांच्या शांत स्वभावाचं कौतुक केलं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. ते शांत राहू शकत, कारण सगळं एकट्याने पेलायचं आहे असं त्यांनी कधी मानलंच नाही. नियंत्रकाचा परवाना एकेकट्याच्या नावाने निघतो, काम मात्र दोघांचं असतं, हे त्यांच्याइतकं स्वच्छ समजलेला माणूस मी पाहिला नाही.

म्हणून आज कन्सोलवर बसणाऱ्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांना एकच विनंती. मास्तरांचा फोटो लावू नका, त्यांना तो आवडला नसता. रात्रपाळीला शेजारचा विश्रांतीला गेला असेल आणि एकाच्या जागी दोन पडद्यांकडे बघायची वेळ आली, तर जा आणि त्याला उठवा. तो चिडेल. चिडू दे.