गवतातली मोकळी जागा

आमच्या घरात वाद झाला तो आठ बिघे गवतावरून. उज्जैनहून उन्हेलकडे जाणाऱ्या रस्त्याला, जरा आतल्या बाजूला, पणजोबांनी राखलेलं गवताचं रान आहे. माळव्यात त्याला बीड म्हणतात. महाराष्ट्रातले आमचे नातेवाईक कुरण म्हणतात. दिवाळीच्या सुमारास गवत कापायचं, गंजी रचायची आणि विकायची, एवढंच त्याचं उत्पन्न. आजूबाजूला सगळीकडे सोयाबीन आणि गहू. धाकट्या भावाच्या कॉलेजची फी भरायची होती, म्हणून काकांनी विषय काढला : "बीड बारा महिने चराईला ठेक्याने देऊ. गुरं अर्धं गवत खातील, अर्धं राहील. बिघडतंय काय?"

मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करत होते. 'अर्धं राहील' हे मलाही पटलं होतं. अर्धं गवत गेलं तर धूळ फार तर दुप्पट होईल, असा माझा हिशोब. मग अभ्यासात होर्नाडाचा प्रयोग वाचला आणि तो हिशोब चुकला.

होर्नाडा हे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधलं कोरडं गवताळ रान. तिथे संशोधकांनी शेजारी-शेजारी जमिनीचे तुकडे आखले आणि त्यांतून वेगवेगळ्या प्रमाणात गवत काढलं, कुठे थोडं, कुठे अर्धं, कुठे सगळंच. एका तुकड्यावर हात लावला नाही. मग वाऱ्याकडे तोंड वळवणारे धूळ पकडायचे डबे खांबांवर वेगवेगळ्या उंचीला बसवले आणि त्यांत जमलेली माती तोलली. गवत विरळ होत गेलं तशी माती उडण्याचं प्रमाण झपाट्याने वाढलं. २००४ ते २००६ या तीन वादळी हंगामांत वरच्या ५ सेंटीमीटर थरातला सेंद्रिय कर्ब आणि नत्र २५ टक्क्यांपर्यंत उडून गेला. त्यातला बराचसा पहिल्याच हंगामात.

असं का होतं? वारा मोठे कण उचलून दूर नेत नाही. ते जमिनीलगत टुणटुण उड्या मारत जातात आणि प्रत्येक उडीच्या शेवटी जमिनीवर आपटून बारीक धूळ उधळतात. गवताचा ठोंब वाऱ्याचा जोर अंगावर घेतो, मागे आडोसा देतो आणि उड्या मारणारे कण अडवतो. पण दोन ठोंबांमधली मोकळी जागा वाढली की वाऱ्याला धावपट्टी मिळते. म्हणून किती गवत उरलं याइतकंच ते कसं उरलं, मधली जागा किती लांब झाली, हे महत्त्वाचं. आणि उडते ती नेमकी बारीक, कसदार माती. खडे मागे राहतात.

"हे वाळवंटातलं. आपली काळी माती चिकट आहे," काका म्हणाले. त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. माळव्यात माती जास्त वाहून जाते ती पावसाने. पण उन्हाळ्यात खुरांखाली भुगा झालेली काळी मातीही उडते, हे उज्जैनमध्ये मे महिन्यात ओटा झाडणाऱ्या कुणालाही विचारा.

म्हटलं, मोजून बघू. दोन प्लास्टिकच्या बाटल्या आडव्या बांधल्या. मागे पत्र्याचं शेपूट लावलं, म्हणजे वारा फिरेल तशी बाटली फिरावी. एक आमच्या बीडात, दुसरी पलीकडच्या चरून उघड्या पडलेल्या रानात, गुडघ्याएवढ्या उंचीवर. महिन्याने उघडल्या. आमच्या बाटलीत तळ जेमतेम झाकला होता. पलीकडच्या बाटलीतली माती काकूंच्या आमटीच्या वाटीत काठोकाठ भरली. दोन बाटल्यांनी शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी लगेच सांगितलं. काकांनी ऐकलं की नाही, ठाऊक नाही. ते चिमटीत माती घेऊन चोळत होते. पिठासारखी मऊ होती.

शेवटी ठेका दिला, पण दिवाळीची कापणी झाल्यावर, होळीपर्यंतच. कापताना वीतभर बुडखे ठेवायचे आणि उन्हाळी वाऱ्यात रान बंद. साहजिकच पैसे कमी मिळाले. उरलेल्या फीसाठी काकांनी पतपेढीतून कर्ज काढलं. ते हप्ते अजून चालू आहेत, आणि माझ्या बाटल्यांमुळे चालू आहेत हे मी विसरत नाही.

रतलाम जिल्ह्यात सैलान्याला अशाच गवतात पावसाळ्यात तणमोर येतो. इकडे त्याला खरमोर म्हणतात. १९८३ साली त्याच्यासाठी तिथे अभयारण्य झालं. आमच्या बीडात तो नाही. आमच्याकडे फक्त माती आहे, आणि ती जागेवर आहे.

तुमच्यापैकी अनेकांच्या गावी असा एखादा 'पडीक' तुकडा असेल. विकण्याआधी किंवा नांगरण्याआधी एका उन्हाळ्यात तिथे बाटली बांधून बघा. काका आता दर एप्रिलला न सांगता बांधतात.