शहर सोडण्याआधी एक एसटी कोल्हापूरची

नवी नोकरी मिळाली, शहर बदलायचं ठरलं, की आपण सगळ्यात आधी काय करतो? यादी. मीही केली. पुण्यातली खोली सोडून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बेंगळुरूला रुजू व्हायचं होतं. घरमालकांकडून डिपॉझिट परत घेणं, गाद्या-बादल्या विकणं, पुस्तकांपैकी कोणती न्यायची आणि कोणती रद्दीत घालायची ते ठरवणं, अशी एकेक कामं मी लिहीत गेले. सगळ्यात शेवटी लिहिलं, ‘अक्काला भेटणे’.

बाकीच्या कामांवर भराभर फुल्या पडत गेल्या. हे एकच काम रोज उद्यावर जात होतं. वेळ नव्हता असं नाही. तिच्या दारात उभं राहायची लाज वाटत होती.

अक्का म्हणजे माझी हॉस्टेलमधली मैत्रीण. आम्हा तिघींत वयाने सहा महिन्यांनी मोठी, म्हणून ती अक्का. तिसरी सगळ्यात लहान, ती छोटी. अक्का कोल्हापूरची. तिकडच्या मुलींसारखी ती ‘मी येतो’, ‘मी जातो’ असंच बोलायची. पहिल्या वर्षी आम्ही हसलो. तिसऱ्या वर्षापर्यंत आमच्याही तोंडात तेच बसलं.

तिचे बाबा, आमचे काका, कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडत्याकडे हिशेब लिहायचे. दर दोन-तीन महिन्यांनी एसटीने पुण्याला यायचे, हॉस्टेलच्या फाटकापाशी थांबायचे आणि कापडी पिशवीतून गुळाची ढेप काढून द्यायचे. “वाटून खावा,” एवढंच म्हणायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. अचानक. मला रात्री निरोप मिळाला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसात एका मोठ्या कामाची शेवटची तारीख होती. मी मोबाइलवर चार ओळींचा मेसेज पाठवला. ‘काळजी घे, लवकरच येते’ असंही लिहिलं. ते ‘लवकरच’ सहा महिने झालं तरी आलं नव्हतं. अक्का भांडली नाही. फक्त तिची उत्तरं आखूड होत गेली. आधी ‘हो गं’, मग ‘हो’, मग नुसता अंगठा.

जानेवारीतल्या एका गुरुवारी मी छोटीला फोन केला. “शनिवारी अक्काकडे जाऊ या?” ती म्हणाली, “तू निघ तर खरी. मी कराडला चढते.”

स्वारगेट ते कराड

पहाटे साडेपाचला स्वारगेटहून गाडी निघाली. पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर, एसटीने पाच ते सहा तास. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे गाडीत बायका भरपूर. माझ्या शेजारी एक आजी होत्या, साताऱ्याला लेकीकडे निघालेल्या. मी बेंगळुरूला जाणार हे ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तिथं भाकरी मिळती का?”

शिरवळला नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो आणि थोड्याच वेळात खंबाटकी घाट लागतो. आमची गाडी जाताना घाट चढून गेली. परतीच्या वाटेवर मात्र बोगद्यातून आली. घाटाच्या वळणांवर ऊन वर आलं आणि गाडीतले झोपलेले लोक एकेक करून जागे झाले. साताऱ्याला अजिंक्यतारा दिसला. आजी उतरल्या, जाताना माझ्या हातावर दोन कंदी पेढे ठेवून गेल्या.

पुढे दोन्ही बाजूंना ऊस. गळीत हंगाम असल्याने उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेने डुलत चालल्या होत्या. कराड हे कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावरचं गाव. दोन्ही नद्या इथे समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. गाडी संगमाकडे जात नाही, पण कराडच्या स्टँडवर आमचा संगम झाला. छोटी डबा सांभाळत धावत चढली आणि चढताच म्हणाली, “घाबरलीयेस ना?”

हो, घाबरले होते. पंचगंगेचा पूल आला तेव्हा तळहाताला घाम होता.

काकांशिवायचं घर

दार काकूंनी उघडलं. मी वाकले तर त्यांनी मध्येच धरलं. “आलीस होय? किती वाळलीस गं,” म्हणाल्या आणि आत पाणी आणायला गेल्या. पाठ वळवून बराच वेळ माठापाशी उभ्या राहिल्या.

दाराशी काकांच्या कोल्हापुरी वहाणा तशाच होत्या. चामडं चकचकीत. अक्काने सांगितलं, आई आठवड्यातून एकदा त्यांना तेल लावते. कोल्हापुरी चप्पल घेणाऱ्याला हे माहीत असतं, की तेल मिळालं नाही तर चामडं कोरडं पडून तडकतं. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनीत शेकडो जोड टांगलेले दिसतात. मला मात्र यापुढे कोल्हापुरी चप्पल म्हटलं की तो उंबऱ्याजवळचा एकच जोड आठवेल.

जेवायला भाकरी, मेथीची भाजी, आमटी आणि खर्डा होता. शनिवार म्हणून साधं, “पांढरा-तांबडा उद्या,” असं काकूंनी आधीच जाहीर केलं. अक्का वाढत होती, छोटीशी बोलत होती. माझ्याशी पण बोलत होती, पाहुण्यांशी बोलतात तसं. “अजून भाकरी घेणार?” असं तिने मला विचारलं. हॉस्टेलवर ती न विचारता ताटात टाकायची.

देऊळ, दूध कट्टा आणि रंकाळा

चार वाजता आम्ही बाहेर पडलो. आधी अंबाबाई. काळ्या दगडाचं ते देऊळ बाहेर कितीही ऊन असलं तरी आत थंड असतं. महाद्वार पश्चिमेला आहे. दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, तसंच नोव्हेंबरमध्ये, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात. आधी देवीच्या पायांवर, मग वर चढत जातात. याला किरणोत्सव म्हणतात. मी तो कधीच पाहिलेला नाही. यंदाही तारखा चुकणार होत्या, त्या दिवसांत मी खोकी बांधत असणार.

तिथून गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. इथे म्हैस समोर उभी असते, धार थेट पेल्यात पडते आणि फेसाळलेला पेला तुमच्या हातात येतो. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत काकांनी आम्हाला इथे आणलं होतं. छोटीने तेव्हा नाक दाबून दूध प्यायलं होतं. या वेळी तिने न सांगता दोन पेले रिकामे केले आणि मिशा तशाच ठेवून आमच्याकडे बघितलं. अक्का पहिल्यांदा हसली.

खासबागेवरून जाताना आम्ही तिघी थांबलो. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं हे कुस्तीचं मैदान आणि त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृह आगीत जळालं. काका नाटकवेडे. अक्का म्हणाली, “आग लागली त्या रात्री बाबा जेवले नाहीत.” एवढंच बोलून ती पुढे चालू लागली.

रंकाळ्यावर पोचलो तेव्हा सूर्य टेकत होता. काठावर भेळेच्या गाड्या, पळणारी पोरं, फिरायला आलेले आजी-आजोबा. आम्ही कट्ट्यावर बसलो. मी चारदा तोंड उघडलं आणि चारदा भेळ खाल्ली.

पन्हाळ्यावर

रविवारी सकाळी लवकर पन्हाळ्याची एसटी धरली. कोल्हापूरपासून अंतर जेमतेम २० किलोमीटर. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज जुलै १६६० मध्ये निसटले तो हा किल्ला. वाटेत बाजीप्रभूंनी खिंड लढवली आणि महाराज विशाळगडावर पोचले. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात पन्हाळाही आहे.

पाहण्यासारखं भरपूर आहे. तीन दरवाजा, त्याच्याजवळची तीन मजली अंधारबाव आणि धान्याची प्रचंड कोठारं, अंबरखाना. कोठारांची नावं गंगा, यमुना आणि सरस्वती. घरातली मोठी माणसं बरोबर असतील तरी काळजी नको, गाडी थेट गडावर जाते आणि बरंच काही थोडं चालून पाहता येतं.

सज्जा कोठीच्या वरच्या मजल्यावरून खालची दरी दिसते. छोटी फोटो काढायला बाहेर गेली. मला वाटतं, मुद्दामच गेली.

मी म्हटलं, “अक्का, मी यायला हवं होतं.”

ती दरीकडे बघत होती. “हो, यायला हवं होतंस,” ती म्हणाली. “मला राग आला होता. अजून थोडा आहे. त्या दिवशी घरात एवढी माणसं होती आणि मी दाराकडे बघत होतो. पुण्याची पहिली गाडी अकराला येते. मग एकची. मग तीनची. मी गाड्या मोजत होतो.”

मी ऑफिसचं कारण सांगणार होते. गळ्यापर्यंत आलं होतं, पण ते कारण तिथे फार छोटं वाटलं. मी नुसतं “चुकलं माझं” म्हटलं.

बराच वेळ दोघी गप्प होतो. मग तिने विचारलं, “तिकडं खोली कुठं घेतलीस? एकटीच राहणार? कुलूप चांगलं घे.” छोटी परत आली तेव्हा अक्का मला कुलपांविषयी भाषण देत होती.

खाली गाडीतळाजवळ मावश्या झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही विकत होत्या. आम्ही तिघींत दोन ताटं घेतली. अक्काने माझ्या ताटात अर्धी भाकरी टाकली. विचारलं नाही.

तुम्हीही जाणार असाल तर

शहर बदलताना आपण सामानाची फार काळजी घेतो आणि माणसांना ‘फोन आहेच की’ म्हणून मागे ठेवतो. माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

• निघायच्या आधीचा शेवटचा आठवडा भेटींसाठी ठेवू नका. तो सामानातच जातो. निदान दोन आठवडे आधीचा शनिवार-रविवार पकडा.

• सुट्टीच्या दिवसांत गाड्या भरलेल्या असतात. जाता-येताचं तिकीट एसटीच्या अॅपवर आधीच काढा. परतीचं तिकीट रविवारी दुपारचं असेल तर सोमवारी कामावर जाता येतं.

• दोन दिवसांत सगळं गाव बघायचा हट्ट नको. आम्ही नवा राजवाडा आणि जोतिबा दोन्ही सोडलं, काही बिघडलं नाही. भेटीला गेलो आहोत, हे लक्षात असू द्या.

• काही बोलायचं राहिलं असेल तर पहिल्या संध्याकाळी जमलं नाही म्हणून निराश होऊ नका. एक रात्र त्याच छपराखाली काढली की दुसऱ्या दिवशी बोलणं सोपं होतं. सकाळी जाऊन संध्याकाळी परतलात तर ती रात्र मिळत नाही.

तावडे हॉटेलचा थांबा

रविवारी दुपारी ठरल्याप्रमाणे पांढरा-तांबडा झाला. चारच्या गाडीला काकू स्वतः स्टँडवर आल्या. माझ्या बॅगेत घरच्या कांदा-लसूण चटणीची बरणी आणि गुळाची एक ढेप होती. ढेप देताना काकूंनी काही म्हटलं नाही. अक्काच म्हणाली, “वाटून खावा.” आणि मग पुढे, “नोव्हेंबरात किरणोत्सवाला ये. आणि येते म्हणालीस तर ये.”

पुढच्या आठवड्यात खोकी घेऊन मी बेंगळुरूच्या बसमध्ये बसले. पुण्याहून बेंगळुरूला जाणारा हमरस्ता कोल्हापूरवरूनच जातो. तोच घाट, तोच ऊस, फक्त आता अंधारात. मी अक्काला सहज कळवलं होतं, की मध्यरात्री तुझ्या गावावरून जाईन.

साडेबाराच्या सुमारास गाडी तावडे हॉटेलच्या थांब्यावर पाच मिनिटं थांबली. खाली स्कूटरवर डोक्याला मफलर गुंडाळून अक्का बसली होती, मागे तिचा भाऊ. तिने खिडकीतून एक डबा वर दिला.

“काय आहे?” मी विचारलं.

“भाकरी,” ती म्हणाली. “तिकडं मिळती का नाही कुणाला ठाऊक.”

गाडी हलली. मी मागे वळून बघत राहिले. मफलरमधला एक हात बराच वेळ वर होता. नोव्हेंबरचं तिकीट मी त्याच रात्री, निपाणी यायच्या आधी, यादीत सगळ्यात वर लिहिलं.