आधी पाणी, मग तंबू

यंदाचं उन्हाळी शिबिर वरंध घाटाच्या पायथ्याशी घ्यायचं, असं आमच्या गिरिभ्रमण गटाने जानेवारीतच ठरवलं. गटाला कार्यालय नाही, पगारी माणूस नाही. महाडचे आम्ही काहीजण, पुण्याची चार-पाच कुटुंबं आणि डोंबिवलीहून येणारी तरुण मंडळी, एवढाच पसारा. खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा आणि कामंही तशीच, हा पहिल्यापासूनचा नियम. पैसे जास्त भरले म्हणून भांडी घासण्यातून कुणाची सुटका होत नाही. शिबिरं विकत मिळण्याच्या दिवसांत हा नियम आम्ही हट्टाने पाळतो आणि मला त्याचा अभिमान आहे.

पहिल्या बैठकीत वाद झाला तो जागेवरून. तरुणांना कावळ्या किल्ल्यावर मुक्काम हवा होता. त्यांचंही बरोबर होतं. भोर-महाड रस्ता खिंडीतून जाताना या किल्ल्याचे दोन तुकडे करून गेला आहे. एका अंगाला वाघजाईचं मंदिर आणि भज्यांच्या टपऱ्या, दुसऱ्या अंगाला लांबच लांब सोंड. हवा स्वच्छ असली तर सोंडेवरून राजगड, तोरणा आणि रायगड नजरेत येतात. रात्रीचा वारा तर खालच्या कोकणातल्या घामट उकाड्यापुढे सुखच. वाघजाईच्या वर कातळात खोदलेली नऊ टाकी आहेत, तेव्हा पाण्याची सोय आयतीच, असं त्यांचं म्हणणं.

शिमगा झाल्यावर आम्ही तिघंजण जागा पाहायला गेलो. टाक्यांतलं पाणी पाहिलं आणि तीस माणसांसाठी त्याचा भरवसा धरायचा नाही, हे तिथेच ठरलं. मग खाली उतरून शिवथरच्या खोऱ्यातल्या वाड्यांमध्ये चौकशी करत फिरलो.

बाहेरच्या माणसाला इथली टंचाई पटत नाही. पावसाळ्यात या खोऱ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. शिवथरघळीचा धबधबा असा कोसळतो की जवळ उभ्या माणसाशी बोलता येत नाही. पण खाली सगळा काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि उतार तीव्र. चार महिन्यांत पडलेलं पाणी काळ आणि सावित्रीतून खाडीला मिळतं आणि डोंगरात मुरतं ते थोडंच. फाल्गुनात झऱ्यांची धार बारीक होते, वैशाखात विहिरीचा तळ दिसतो. महाड-पोलादपूरच्या किती तरी वाड्यांना मग टँकरची वाट पाहावी लागते. टँकरच्या फेऱ्या ठरवताना माणशी दिवसाला 20 लिटर पाणी धरतात. त्यात पिणं, रांधणं, धुणं सगळं आलं.

एका वाडीत विहिरीवर हंडा भरत असलेल्या एका मावशींना मी विचारलं, की आम्ही तीसजण दोन रात्री राहिलो तर पाण्याचं कसं होईल. मी शाळेत शिकवते हे त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "बाई, दारात आलेल्याला पाणी नाय असं आमच्याच्यानं म्हणवत नाय. म्हणून आधीच सांगते, हितलं पाणी धरू नका."

पुढचं सगळं नियोजन या उत्तरावर उभं राहिलं. सह्याद्रीत कुठल्याही घरी पाणी मागितलं तर गुळाच्या खड्यासह मिळतं. आम्ही डोंगरात फिरणारे त्याच आधारावर वर्षानुवर्षं फिरत आलो. पण घरात दोन हंडे असताना त्यातला तांब्या पुढे करणारा माणूस नाही म्हणू शकत नाही. तेव्हा विचार मागणाऱ्यानेच करायला हवा. एकट्या वाटसरूने तांब्याभर पाणी पिणं वेगळं आणि तीस जणांच्या शिबिराने विहिरीला पोहरा लावणं वेगळं. दुसऱ्या बैठकीत मी हेच मांडलं. कावळ्याचा मुक्काम मागे पडला, तरुणांनी थोडी कुरकुर करून मान्य केलं आणि पाण्याचा हिशेब कागदावर आला.

पिण्यासाठी माणशी दिवसाला चार लिटर, कारण घाम निथळतो. रांधायला आणि भांड्यांना तीन. तीस माणसं, तीन दिवस, म्हणजे 630 लिटर; 20 लिटरचे बत्तीस जार. महाडहून छोट्या टेंपोने ते आणायचे आणि टेंपोचं भाडं वर्गणीत धरायचं. अंघोळ नदीच्या डोहात, साबण न लावता, कारण त्याच डोहावर गुरं पाण्याला येतात. वर्गणी वाढली, त्याबद्दल कुणी बोललं नाही. तारीखही पाण्यानेच ठरवली. मेच्या मध्यावर सगळ्यांना सोयीचं होतं, पण तेव्हा वाडीवर ताण अधिक आणि वळवाच्या पावसाचा भरवसा नाही. म्हणून 1 मेच्या सुट्टीला जोडून शिबिर घ्यायचं ठरलं.

तंबूंसाठी भाताची खाचरं उत्तम. सपाट असतात, बांध असतो, कापणीनंतर मोकळी असतात. तरी मालकाला विचारल्याशिवाय खाचरात पाऊल टाकू नये आणि त्याचं कारण पुण्याच्या मंडळींना समजावून सांगावं लागलं. उन्हाळ्यात इथे राब भाजतात. पालापाचोळा, कवळं, शेण आणि गवत थराथराने पसरून ते जाळतात. भाजलेल्या त्या तुकड्यात मृगाआधी भाताचं बी पेरतात. पाहणाऱ्याला तो नुसता जळका काळा चौकोन दिसतो. शेतकऱ्याचं सगळं वर्ष त्यावर असतं. आमच्या यजमान काकांनी राबाचे तुकडे सोडून दोन खाचरं दाखवली आणि भाडं घ्यायला नकार दिला. मग आम्ही भाकऱ्यांचं काम त्यांच्या घरातल्या आणि शेजारच्या बायकांना दिलं, दर त्यांनी सांगितला तो. तांदळाच्या पिठाची उकड काढून थापलेली मऊसूत भाकरी आमच्यातल्या कुणाला जमलीही नसती.

जेवणही पाणी वाचेल असंच ठरवलं. पिठलं-भाकरी, ठेचा, एका पातेल्यात होणारी खिचडी, मुलांसाठी कोकम सरबत. ताटांऐवजी पळसाच्या पत्रावळी. ताटं घासण्याचं पाणी वाचलं, ते जवळजवळ दोन जारांएवढं. जळणासाठी लाकूड तोडायचं नाही, गॅसच्या शेगड्या न्यायच्या. शेकोटी नाहीच. एप्रिल-मेमध्ये डोंगराच्या अंगावरचं वाळलं गवत एका ठिणगीने पेटतं आणि वणवा रात्रभर चढत राहतो. हे पाहिलेल्या माणसाला शेकोटीच्या गाण्यांचा मोह होत नाही.

औषधांच्या पेटीवर मात्र आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवायलाच हवा होता. उन्हाळ्यात या भागात लाल विंचू बाहेर पडतो. फुरसंही असतं. विंचवाच्या बाबतीत आमच्या तालुक्याचं वैद्यकशास्त्रावर ऋण आहे, असं मी वर्गात मुलांना नेहमी सांगते. 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेल्या गंभीर रुग्णांतले शंभरातले चाळीसएक दगावत. त्यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या विषावर चालतं, हे त्यांनी दाखवून दिलं आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात एकावर आलं. त्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली. बिरवाडी आमच्या तळापासून गाडीने जवळ, याचा मनाला केवढा आधार होता! प्रत्येकाला लेखी सूचना दिली: बूट झटकून घालायचे, दगड हाताने उलटायचा नाही, रात्री विजेरीशिवाय खाचराबाहेर जायचं नाही. दंश झाल्यावर दरदरून घाम, उलटी आणि हातपाय गार पडणं दिसलं तर झाडपाल्यात वेळ न घालवता थेट गाडीत बसवायचं. एक गाडी रात्रभर तोंड रस्त्याकडे करून उभी आणि तिचा चालक जागा, अशी पाळीही लावली. मोबाइलला वाडीत रेंज येत नाही, तेव्हा ती कुठल्या वळणावर येते तेही नकाशावर खुणावून ठेवलं.

रस्त्याचं वेगळं पाहावं लागलं. वरंध घाट कधी दुरुस्तीसाठी बंद असतो, कधी दरडीमुळे. पुण्याच्या मंडळींना म्हणून ताम्हिणी-माणगावमार्गे महाड हा पर्याय आधीच दिला. डोंबिवलीकर कोकण रेल्वेने वीर स्थानकावर उतरणार होते, तिथून एसटी.

आणखी एका गोष्टीवर बैठकीत शांतपणे बोलणं झालं. घाटाच्या कुशीतलंच तळिये गाव. 22 जुलै 2021 रोजी तिथल्या कोंडाळकरवाडीवर दरड आली आणि 80 हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी कोसळल्या. एका सदस्याने सुचवलं की जाताना ती जागा मुलांना दाखवावी. मी विरोध केला. जिथे शेजाऱ्याचं घर होतं तिथे पाहुण्यांनी मोबाइल काढून उभं राहणं मला सहन होण्यासारखं नव्हतं. त्याऐवजी डोंगर का सरकतो, पाणी मुरल्यावर मातीचं वजन कसं वाढतं, हे गटातल्या एका भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थिनीने संध्याकाळी खाचरात मातीचा उतार रचून समजावून सांगायचं, असं ठरलं.

शिबिर ठरल्यासारखं पार पडलं. पहाटे पाचला निघून कावळ्याची सोंड आणि ऊन चढायच्या आत खाली. दुसऱ्या दिवशी शिवथरघळ. समर्थांनी दासबोध इथे सांगितला अशी परंपरा आहे आणि 1930 साली धुळ्याच्या शंकरराव देवांनी ही जागा पुन्हा लोकांसमोर आणली. मे महिन्यात धबधबा नसतो, त्यामुळे घळीत मुलांना स्वतःचा आवाज ऐकू आला. दुपारभर सगळे आंब्याखाली. करवंदं, फणस आणि झोप. मातीच्या उतारावर मुलांनी तांब्याभर पाणी ओतलं आणि तो घसरला तेव्हा वाडीतली पोरंही येऊन बसली होती. त्यांच्यातल्या एकाने आपल्या घरामागच्या भेगेबद्दल विचारलं. ती भेग आम्ही दुसऱ्या सकाळी जाऊन पाहिली आणि यजमान काकांबरोबर तलाठ्याकडे लेखी अर्ज पोचवला.

शेवटी तीन जार उरले, ते विहिरीवरच्या मावशींच्या दारात ठेवले. हिशेब आठवड्याच्या आत सगळ्यांना पाठवला. उरलेली वर्गणी परत न घेता औषधपेटीसाठी ठेवायचं एकमताने ठरलं. पुढच्या उन्हाळ्यासाठी पोलादपूरचं ढवळे गाव सुचवलं गेलंय, चंद्रगडाच्या पायथ्याचं. तिथल्या पाण्याची चौकशी करायला तरुणांपैकी दोघं शिमग्यानंतर जाणार आहेत, आणि या वेळी ती जबाबदारी त्यांनी स्वतः मागून घेतली आहे.