पाण्यालाही धार असते!

हॉस्टेलवर राहणाऱ्या माणसाला पाण्याबद्दल काही शिकवायला जाऊ नये. सकाळी सातला गेलेलं पाणी, बादल्यांची रांग आणि नेमका तोंडाला साबण लावल्यावर कोरडा पडणारा नळ, या विषयांवर आपल्यापैकी कोणीही पीएच.डी. करू शकेल. मीही स्वतःला त्यातला जाणकार समजत होतो. तिसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत इनप्लँट ट्रेनिंगसाठी भोसरी एम.आय.डी.सी.तल्या एका छोट्या कारखान्यात चार आठवडे गेलो आणि हा भ्रम उतरला.

तिथे वॉटरजेट मशीन होतं. ते चालवायचे साताऱ्याकडचे एक काका. पहिल्याच दिवशी त्यांनी ४० मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची प्लेट टाकीवर ठेवली, नोझल खाली आणलं आणि बटण दाबलं. मिनिटाला जेमतेम तीन-चार सेंटिमीटर, असं रमतगमत काम. पण तुकडा बाहेर काढला तेव्हा कडा हातात धरता येईल इतपत गार! ना ठिणगी, ना जळाल्याचा काळा डाग. लेथवर साधा पातळ काप घेतानाही जॉब तापवणारे आपण, मी बघतच राहिलो.

यामागचं गणित आपल्या सिलॅबसमधलंच आहे. तेलाचा पंप साधारण २०० बार दाब तयार करतो. ते तेल एका मोठ्या पिस्टनला ढकलतं आणि त्याला जोडलेला छोटा प्लंजर पाण्याला. दोघांच्या क्षेत्रफळाचं प्रमाण २० ला १, म्हणून पाण्याचा दाब होतो ४००० बार. याला इंटेन्सिफायर म्हणतात. आता तुलना करा. मोटारीच्या टायरमध्ये असतात साधारण २ बार. आपल्या गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला मिळतो फार तर दीड. ४००० बार हवे असतील तर ती टाकी सुमारे ४० किलोमीटर उंचीवर ठेवावी लागेल. (वॉर्डनसरांनी मनावर घेऊ नये!)

फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला 'पाणी दाबलं जात नाही' असं आपण लिहून घेतो. इतक्या दाबाला तेही सुमारे १२ टक्के आकसतं. हे पाणी नीलमणी किंवा हिऱ्याच्या, पाव-एक मिलिमीटरच्या छिद्रातून सुटतं ते सेकंदाला ८०० मीटरहून अधिक वेगाने, म्हणजे आवाजाच्या दुपटीहून जास्त. रबर, फोम, कागद, पुठ्ठा कापायला नुसतं पाणी पुरतं. धातू, ग्रॅनाइट, काच यांच्यासाठी धारेत गार्नेटची बारीक वाळू मिसळतात. अंगठीतला गोमेद ज्या खनिजाचा, त्याच घराण्यातली ही वाळू. ती पंपाने ढकलावी लागत नाही, वेगवान धारच तिला व्हेंच्युरीच्या तत्त्वाने आत ओढून घेते. खरं कापते ती वाळू, पाणी फक्त तिला वेग देतं. ही वाळूची युक्ती मोहम्मद हशीश या अभियंत्याने १९७९ च्या सुमारास विकसित केली.

उष्णता जवळजवळ नसल्याने धातूचे गुणधर्म बदलत नाहीत. लेझरला चकाकणारं तांबं त्रास देतं, याला देत नाही. हॉटेलांच्या फरशीत रंगीत दगडांची नक्षी अचूक बसलेली दिसते, तीही बऱ्याचदा याच धारेने कापलेली असते. मर्यादाही आहेत. जाड जॉबमध्ये कड किंचित तिरकी येते, वेग वाढवला की खालच्या बाजूला रेघोट्या उठतात आणि टफन्ड काच कापायला गेलं तर तिचा चुरा होतो.

इथपर्यंतचं सगळं माझ्या ट्रेनिंग रिपोर्टमध्ये आहे. त्यात नसलेली गोष्ट आता लिहितो.

तिसऱ्या आठवड्यात काका जॉब बांधत होते आणि पंप चालू होता. पंपाजवळच्या पाइपच्या जोडातून बारीक 'फुस्स' आवाज येत होता आणि थेंब ठिबकत होते. नेमकी गळती कुठे आहे हे बघायला मी सहज बोट पुढे केलं. हॉस्टेलच्या नळाला आपण लावतो तसंच.

"आरं, हात मागं घे!" काकांनी मला कॉलर धरून ओढलं आणि दुसऱ्या हाताने लाल बटण दाबलं. मी चिडलो. इतकी माणसं बघत होती!

दाब पूर्ण उतरल्यावर काकांनी उजव्या हाताची तर्जनी माझ्यासमोर धरली. ती वाकत नव्हती. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसरीकडे काम करताना, चालू धारेखालचा रबराचा तुकडा त्यांनी बोटाने सरकवला होता. "मुंगी चावल्यावानी लाल टिपका. रगत न्हाई, दुखणं न्हाई. हळद लावली आन् शिफ्ट पुरी केली." रात्री बोट सुजून टम्म झालं. पाणी कातडीखालून स्नायुबंधाच्या कडेने तळहातापर्यंत शिरलं होतं आणि सोबत पाण्यातले जंतूही. डॉक्टरांना तळहात उघडावा लागला. बोट वाचलं, पण वाकायचं राहिलं. "पाणी चावत न्हाई, म्हनून लोक फसत्यात," काका म्हणाले.

त्या जोडांना एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब येऊन इशारा मिळतो. इशारा मिळाला की मशीन बंद करायचं, दाब उतरवायचा, गेज शून्यावर आल्याची खात्री करायची, मगच पान्याला हात लावायचा. दाब असताना नट आवळायचा नाही आणि गळती बोटाने शोधायची नाही.

कारखान्यात थोडक्यात टळलेले अपघात लिहायची एक वही होती. संध्याकाळी काकांनी त्यात लिहिलं, 'पोराला आधी सांगितलं नव्हतं. चूक माझी.' मी वाचलं आणि गप्प बसलो. सर्टिफिकेटची काळजी होती. खरं तर पहिल्याच दिवशी त्यांनी सगळं सांगितलं होतं. मी तेव्हा मोबाइलमध्ये होतो.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी लवकर जाऊन त्या ओळीखाली लिहिलं, 'काकांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.' आणि सही केली. काकांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चला इंजिनेरसाहेब, पंप चालू करा. पण आधी काय बघायचं?" मी सगळं ओळीने सांगितलं. सर्टिफिकेटही मिळालं.

काकांच्या खिशात एक कार्ड असतं. अशी जखम झाल्यास डॉक्टरांना दाखवायचं. त्यात दाब किती, पाण्यात काय मिसळलं होतं, हे असतं. जखम टिपक्याएवढी असली तरी आणि दुखत नसलं तरी ताबडतोब सर्जन असलेल्या हॉस्पिटलमध्ये जायचं, पट्टी लावून घरी नाही. तसंच एक कार्ड आता माझ्या पाकिटात आय-कार्डाच्या मागे आहे. पुढच्या सुट्टीत तुमच्यापैकी कोणी अशा मशीनवर जाणार असेल, तर रूमवर या. झेरॉक्स देईन.