आंजीचं देणं

प्रबंधाच्या ऋणनिर्देशाचा क्रम ठरलेला असतो. आधी मार्गदर्शक, मग विभागप्रमुख, शिष्यवृत्ती देणारी संस्था, ग्रंथालय, आईवडील, आणि सगळ्यात शेवटी, टायपिंग करून देणाऱ्याच्या जरा वर, ‘माहिती देणाऱ्या सर्व भगिनी’. मीही तसंच लिहिलं. सरांनी पान पाहिलं, मान डोलावली आणि ते बांधणीला गेलं. पण शिष्यवृत्ती म्हणजे आपल्या शिकण्याचा भार कुणीतरी उचलणं, असं धरलं तर माझ्या बाबतीत हा क्रम खालून वर वाचायला हवा. माझा भार पहिल्यांदा उचलला तो आंजीतल्या बायकांनी. मी सातवी-आठवीतही नव्हते तेव्हापासून.

आंजी (मोठी) हे वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. कंसातलं ‘मोठी’ बोलताना कुणी म्हणत नाही, दाखल्यावर मात्र नसलं तर अर्ज परत येतो. कपाशी, तूर, सोयाबीन, जवळून वाहणारी धाम नदी, आणि गावातच प्राथमिक आरोग्य केंद्र. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू केलं. डॉक्टर व्हायचं तर खेडं पाहिलंच पाहिजे, हा तिथला पहिल्यापासूनचा दंडक. प्रत्येक तुकडी एखादं गाव दत्तक घेते, तिथे शिबिराला जाऊन राहते. आमच्या आरोग्य केंद्राचा परिसर त्यांच्या सामुदायिक वैद्यक विभागाचं कामाचं क्षेत्र. त्यामुळे पॅडला क्लिप लावून छापील कागद घेऊन हिंडणारी माणसं आम्हाला नवी नव्हती. ‘आज कायचा सर्वे हाय?’ असं आमच्याकडे शेंबडं पोरही विचारायचं.

2003 ते 2008 या काळात याच संस्थेचा ‘क्लिक्स’ नावाचा प्रकल्प आंजी, गौळ आणि तळेगाव या आरोग्य केंद्रांच्या गावांत चालला. बाळं जगावीत हा त्याचा हेतू, पण त्याच्या पोटात बरंच काही होतं: बचत गट, गाव समित्या, आणि आम्हा मुलींसाठी किशोरी पंचायत. त्या सुमारास कधीतरी एक ताई आमच्या दारात आली. निंदणाचे दिवस होते. बायकांचा घोळका पुढे निघाला होता आणि आई उंबऱ्यात उभी, भाकरीचं फडकं हातात.

‘लवकर लिव्ह नं बाई, मले निंदाले जा लागते.’

ताईनं घाई केली नाही, पण वेळही काढला नाही. नाव, वय, शिक्षण. मग विचारलं, किती लेकरं झाली?

‘झाले चार, हायेत तीन.’

आम्ही तीन भावंडं. चौथ्याबद्दल मी तोवर एक अक्षर ऐकलेलं नव्हतं. ताईचं पेन थांबलं. पुढच्या रकान्यात काय विचारायचं ते छापलेलं होतं, पण तिनं कागद उलटा करून मांडीवर ठेवला आणि आईला म्हणाली, ‘बसता का थोडं?’ आई बसली. घोळका निघून गेला. किती दिवसांचा होता, दूध पीत होता का, कुठे नेलं होतं, गाडी मिळाली होती का. आई सांगत गेली. रडली वगैरे नाही, वावरातला हिशेब सांगावा तशी सांगत गेली. मी चुलीमागे उभी राहून ऐकलं. माझा भाऊ मला एका सर्व्हेच्या फॉर्ममधून कळला.

त्या दिवसाची आईची मजुरी बुडाली. अर्ध्या दिवसासाठी कुणी वावरात घेत नाही. पुढे कित्येक वर्षांनी ‘उत्तरदात्याचा वेळ’ या विषयावर मी एका कार्यशाळेत दोन तास बसले, त्यात हा हिशेब कुणी मांडला नाही.

जाताना ताईनं मला विचारलं, कितवीत आहेस. आणि पुढे, जणू बाजारात कोणती भाजी आली ते सांगावं तसं, तिनं सांगितलं की ती एमएसडब्ल्यू आहे, म्हणजे समाजकार्यात एम.ए.सारखी पदवी. ती झाली की अशी कामं मिळतात. डॉक्टर न होताही दवाखान्याच्या कामात राहता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडे मुलींसमोर तेव्हा दोनच वाटा असायच्या, डी.एड. किंवा नर्सिंग, आणि दोन्हींना पैसे लागायचे.

किशोरी पंचायतीच्या बैठकांत आम्ही काय बोलायचो ते घरी सांगायची सोय नव्हती. पाळी म्हणजे काय, कापड उन्हात का वाळवायचं, वगैरे. पुढे मास्टर्स करताना ग्रंथालयात जुने अंक चाळत होते, तेव्हा ‘वर्ल्ड हेल्थ अँड पॉप्युलेशन’ या नियतकालिकातला 2007चा एक शोधनिबंध हाती लागला. लेखक अमोल डोंगरे, प्रदीप देशमुख आणि बी. एस. गर्ग. जागा: आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राची 23 गावं. पाळी येण्याआधी तिच्याबद्दल माहिती असलेल्या मुली सुरुवातीला 35 टक्के होत्या, तीन वर्षांनी 55. तयार पॅड वापरणाऱ्या 5 टक्क्यांवरून 25 वर गेल्या. कापड धुऊन पुन्हा वापरणाऱ्या 85 टक्क्यांवरून 57 वर आल्या. मी ते पान दोनदा वाचलं. सुरुवातीच्या त्या 65 टक्क्यांत, ज्यांना काहीच माहीत नव्हतं, मी होते. निदान माझ्यासारख्या होत्या. शेजारच्या टेबलावरची मुलगी संदर्भ उतरवून घेत होती आणि माझ्यासमोर वर्गातल्या मैत्रिणींचे चेहरे एकेक करून येत होते. कोण पॅडवाल्या 25 टक्क्यांत गेली असेल आणि कोण नाही, हे मी सांगू शकले असते.

बी.ए. वर्ध्याला केलं, एस.टी.नं जाऊन-येऊन. एमएसडब्ल्यूला प्रवेश मिळाला तेव्हा ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ हा शब्द पहिल्यांदा नीट कळला. या शिष्यवृत्तीला कागद लागतात आणि कागदांना वेळ. जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, अधिवास, बोनाफाईड, गुणपत्रिका, आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. हा दाखला 31 मार्चला मरतो. मार्चमध्ये काढला तर जूनमध्ये तो रद्दी. हे मला कुणी प्राध्यापकानं नाही, तर महाविद्यालयाच्या ऑफिसात बसणाऱ्या एका बाबूंनी सांगितलं. रागीट माणूस. खिडकीवर हात ठेवला तरी ओरडायचे. पण ज्यांचा कागद कमी आहे त्यांची यादी त्यांनी स्वतःच्या वहीत करून ठेवली होती, आणि शेवटच्या तारखेआधी ते एकेकीला वर्गातून बोलावून घ्यायचे. माझ्या दाखल्यावर ‘आंजी’ होतं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘आंजी मोठी’. त्यांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा हातानं लिहून दिला आणि म्हणाले, ‘आता जा, आणि पुन्हा तोंड दाखवू नको.’ शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती देणारे पुष्कळ असतात. त्या मिळवून देणारी माणसं खिडकीच्या आत बसतात.

पदवी झाली आणि पहिली नोकरी लागली: फील्ड इन्व्हेस्टिगेटर. आरोग्याच्या संशोधनात शिरायचा हा दरवाजा आजही असाच आहे. जाहिरात येते, ठरलेल्या दिवशी सगळे कागद घेऊन मुलाखतीला जायचं, अकरा महिन्यांचा करार, प्रकल्प संपला की नोकरी संपली. मग दुसरा प्रकल्प. कुणाचे तीन करार जुळतात, कुणाचा एकही नाही. यात वाईट काय, तर बारावा महिना. चांगलं काय, तर या कामात माणूस जितकं शिकतो तितकं वर्गात शिकत नाही.

आमचा विषय होता तान्ह्या बाळांचे आजार. पद्धत अशी की आधी बायकांना आठवतील तेवढी दुखणी सांगायला सांगायची, मग एकेका दुखण्याचं चित्र काढलेली कार्डं त्यांच्यापुढे टाकायची आणि म्हणायचं, ज्यांचं एकमेकांशी जमतं त्यांचे गठ्ठे करा. कसे करायचे ते सांगायचं नाही. आम्हाला वाटलं होतं, ताप एकीकडे, पोटाचं एकीकडे, असं काहीतरी होईल. एका गावात एका म्हाताऱ्या काकूंनी कार्डं हातात घेतली, लग्नाच्या पत्रिका पाहाव्या तशी उलटसुलट पाहिली आणि तीन गठ्ठे केले.

‘हे बिनपैशाचे. हे उधारीचे. अन् हे वावर गहाण ठेवाचे.’

दूध न पिणं हे कार्ड त्यांनी तिसऱ्यात टाकलं होतं. आमच्या प्रश्नावलीत खर्चाचा रकाना सगळ्यात शेवटी होता. सुपरवायझरनं तो पुढच्या आठवड्यात वर घेतला. त्याच काकूंनी मला निघताना अडवलं. ‘मागच्या वर्षी एक आलता, त्याच्या फारमचं काय झालं? थे मले सांग पयले.’ मी कुणाचा फॉर्म, कोणता प्रकल्प, काय सांगणार? चहा घेऊन मी उठले. माझ्या पीएच.डी.चा विषय त्या प्रश्नातून निघाला, म्हणजे माहिती देणाऱ्या बायकांपर्यंत निष्कर्ष परत येतात का.

समाजकार्य विषयात नेट-जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठीची सरकारी फेलोशिप, मिळाली तेव्हा महिन्याला 25 हजार होते, दोन वर्षांनी सीनिअर फेलो झाल्यावर 28, आणि 2019मध्ये वाढून 35. पहिल्या महिन्याचे पैसे आले तेव्हा बाबांनी पासबुक उलटून पाहिलं, मागच्या पानावर काही अट लिहिलीय का ते. त्यांचं चुकत नव्हतं. अटी असायच्याच. बाबासाहेबांना 1913मध्ये बडोद्याच्या महाराजांनी कोलंबियाला पाठवलं तेव्हा महिना साडेअकरा पौंड आणि त्याबरोबर करार, शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ. आणि आमच्याच जिल्ह्यात दुसरी एक गोष्ट सांगितली जाते, ठाकुरदास बंग यांची. अर्थशास्त्राच्या संशोधनासाठी अमेरिकेत जायची सगळी तयारी झाली, आशीर्वाद घ्यायला ते सेवाग्रामला गांधीजींकडे गेले, आणि गांधीजींनी सांगितलं की अर्थशास्त्र शिकायचं तर खेड्यात जा. त्यांनी अमेरिकेचा बेत सोडला आणि विद्यार्थ्यांना घेऊन खेड्यात राहायला गेले. मला या गोष्टीचा आदर आहे. पण खरं सांगायचं तर मी मनानं पहिल्या गोष्टीतली. सोडायला आधी हातात असावं लागतं. खेडं माझ्याकडे होतंच, शिष्यवृत्ती नव्हती.

बंगांचे चिरंजीव अभय आणि सूनबाई राणी दोघंही जॉन्स हॉपकिन्सहून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतले आणि गडचिरोलीत गेले. 1989च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला. वसा आणि अमिर्झा ही दोन गावं, 650 बायका, आणि त्यांतल्या 92 टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही. त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. जगभर तो आकडा गाजला आणि बायकांचं आरोग्य म्हणजे नुसतं बाळंतपण नव्हे हे मान्य व्हायला त्याची मदत झाली. आता मी तो निबंध वर्गात शिकवते तेव्हा मुलांना विचारते, की चार भिंतींत सासूलाही न सांगितलेलं दुखणं दाखवायला या 650 जणी तयार कशा झाल्या असतील? वर्गात शांतता होते. मग कुणीतरी म्हणतं, ‘संमतीपत्र’. संमतीपत्रानं पाय उचलत नाही. गावातली एखादी बाई ‘चाल, मी येतो तुह्यासंग’ म्हणते, तेव्हा उचलतो.

आता सुट्टीत आंजीला गेले की संध्याकाळी ओट्यावर मुली येतात. कुणी बी.एस्सी. नर्सिंग, कुणी समाजशास्त्रात एम.ए. जेआरएफ आता 37 हजार आहे म्हटलं की आई पलीकडून ‘दर महिन्याले?’ विचारते, दर वेळी. मी त्यांना कागदांचं सांगते: उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतर, पडताळणीचा अर्ज बारावीतच, नावाचं स्पेलिंग सगळीकडे एक. टाटा इन्स्टिट्यूट, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था, तिरुअनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र, ही नावं वहीत लिहून घ्यायला लावते. मुलाखतीत प्रवासभत्त्याचं विचारा, लाजू नका. करार किती महिन्यांचा ते आधी वाचा. आणि दुपारी दोनला कुणाच्या घरी सर्व्हेला जाऊ नका, बाई वावरात असते, घरी सापडली तर ती आजारी असते.

माझ्या चालू प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मी एक ओळ घातली आहे: माहिती देणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी, त्या हंगामातल्या निंदणाच्या दरानं. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) 2017च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार बुडालेल्या मजुरीची भरपाई देता येते, तो परिच्छेद मी सोबत जोडला. प्रस्ताव तपासणाऱ्या समितीत एक सदस्य म्हणाले, पैशानं उत्तरं बदलतात. मी म्हटलं, घाईनंही बदलतात. ओळ मंजूर झाली. आता लेखा विभागानं विचारलं आहे की या रकमेची पावती कोण देणार, बायकांकडे पॅन कार्ड आहे का. हजेरीपत्रकावर अंगठा चालेल का, असं मी उलट टपाली विचारलंय. निंदण पंधरा दिवसांवर आलं आहे, उत्तर त्याआधी आलं पाहिजे.