चाच्यांची नियमावली

प्रत्येक हॉस्टेलच्या जिन्यापाशी एक नियमावली चिकटवलेली असते. रात्री मोठा आवाज करू नये, जुगार खेळू नये, मारामारी केल्यास खोली खाली करावी लागेल, इत्यादी इत्यादी. ती पूर्ण वाचलेला प्राणी अजून सापडायचाय! पण आज मी एका वेगळ्याच नियमावलीबद्दल सांगणार आहे. ऐका.

रात्री आठ वाजता सगळे दिवे आणि मेणबत्त्या विझवायच्या. त्यानंतरही कोणाला प्यायची असेल तर त्याने वर डेकवर, उघड्यावर जाऊन प्यावी. पैसे लावून पत्ते किंवा फासे खेळायचे नाहीत. आपापसात हात उचलायचा नाही, भांडण असेल तर ते किनाऱ्यावर उतरल्यावर मिटवायचं (तलवार आणि पिस्तूल घेऊन!). वादकांना रविवारी सुट्टी. बाकीचे सहा दिवस आणि सहा रात्री मात्र फर्माईश होईल तेव्हा वाजवायचं.

रेक्टर सरांची आठवण आली ना? पण ही नियमावली आहे बार्थोलोम्यू रॉबर्ट्स नावाच्या वेल्समधल्या चाच्याच्या जहाजावरची, साधारण १७२० सालची. रॉबर्ट्स मुळात चाचा नव्हता. गुलामांची ने-आण करणाऱ्या एका जहाजावर तो अधिकारी होता. १७१९ मध्ये ते जहाज चाच्यांनी पकडलं. काही आठवड्यांतच चाच्यांचा कप्तान मारला गेला, आणि त्यांनी चक्क मतं देऊन या नवख्यालाच कप्तान केलं. पुढच्या तीन वर्षांच्या आत त्याने सुमारे चारशे जहाजं पकडली असं सांगतात. (आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचेच म्हणायचे. पण ते मराठ्यांचे सरखेल होते, तो वाद वेगळा. इथे मी अस्सल चाच्यांबद्दल बोलतोय.)

मला या पुस्तकांचा नाद लागला तो इतर सगळ्यांसारखाच, ‘ट्रेझर आयलंड’मुळे. शाळेत असताना त्याची मराठीतली छोटी आवृत्ती वाचली होती, इंग्रजी पुस्तक इथे आल्यावर वाचलं. १८८३ सालचं हे पुस्तक लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा आपल्यातलाच बरं का! घराणं दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरांचं. आजोबांनी भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणाऱ्या खडकावर बेल रॉकचं दीपगृह बांधलं, ते दोनशे वर्षांनंतरही उभं आहे. नातवाने १८६७ मध्ये एडिनबर्गला इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, मनसोक्त लेक्चर्स बुडवली, दीपगृहाच्या दिव्यावर पेपर सादर करून पदकही मिळवलं, आणि १८७१ मध्ये इंजिनिअरिंगला रामराम ठोकला. (हे उदाहरण घरी सांगू नये.)

स्टीव्हन्सनने ज्या पुस्तकाचा आधार घेतला ते त्याहून जुनं. १७२४ मध्ये लंडनला ‘कॅप्टन चार्ल्स जॉन्सन’ या टोपणनावाने चाच्यांच्या चरित्रांचं एक पुस्तक निघालं. ‘ट्रेझर आयलंड’मधल्या इस्राएल हँड्सचं नाव तिथलंच. वर दिलेली नियमावलीही त्यातलीच. मी ते उघडलं तेव्हा नकाशे, पेटारे, पुरलेलं सोनं अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात लुटीत जास्त करून साखर, कापड, दोरखंड, दारू आणि खाण्याचे जिन्नस! १७१८ मध्ये ब्लॅकबिअर्डने अमेरिकेतलं चार्ल्सटन बंदर अडवून धरलं, लोकांना ओलीस ठेवलं, आणि मागितलं काय, तर औषधांची पेटी.

खरा माल आहे तो त्या नियमांत. महत्त्वाच्या प्रत्येक निर्णयात प्रत्येकाला एक मत. ताज्या अन्नावर सगळ्यांचा सारखा हक्क. लुटीचे वाटे आधीच ठरलेले: कप्तान आणि क्वार्टरमास्टरला दोन-दोन, तोफांच्या प्रमुखाला दीड, आणि साध्या खलाशाला एक. म्हणजे सगळ्यात वरच्याला सगळ्यात खालच्याच्या फक्त दुप्पट! आणि एक कलम असं, की या कामात कोणाचा हात-पाय गेला तर सामायिक तिजोरीतून त्याला चांदीची आठशे नाणी मिळतील; कमी दुखापतीला त्या प्रमाणात कमी.

दरोडेखोरांना हे नियम का सुचले असतील? त्याचं उत्तर मला दुसऱ्या एका पुस्तकात मिळालं. रिचर्ड हेन्री डेना हा हार्वर्डचा विद्यार्थी. गोवर होऊन डोळे अधू झाले म्हणून त्याला शिक्षण थांबवावं लागलं, आणि १८३४ मध्ये हा पठ्ठ्या बोस्टनहून ‘पिल्ग्रिम’ नावाच्या जहाजावर साधा खलाशी म्हणून चढला. केप हॉर्नला वळसा घालून कॅलिफोर्निया, तिथे जनावरांची कातडी गोळा करायची, आणि १८३६ मध्ये परत. १८४० साली त्याचं ‘टू इयर्स बिफोर द मास्ट’ आलं. ‘बिफोर द मास्ट’ म्हणजे डोलकाठीच्या पुढचा भाग, जिथे खलाशी दाटीवाटीने राहायचे. अधिकारी मागे, ऐसपैस. हे जहाज चाच्यांचं नव्हतं, कायदेशीर व्यापारी जहाज होतं. त्यावरच्या कप्तानाने एका खलाशाला बांधून फटके मारले, आणि का मारता असं विचारणाऱ्या दुसऱ्यालाही मारले. डेना बघत राहिला, कारण कप्तानाला अडवणं म्हणजे बंड ठरलं असतं. परत आल्यावर तो वकील झाला, खलाशांचे खटले लढला आणि १८४१ मध्ये त्यांच्यासाठी गाठी मारण्यापासून कायद्याने मिळणाऱ्या हक्कांपर्यंत सगळं सांगणारं एक हँडबुक काढलं. अमेरिकेने जहाजावरचे फटके १८५० साली बंद केले.

आता माझ्या रूममेटबद्दल. तो कोकणातला, वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी होते. माझ्या चाच्यांच्या वेडाची तो यथेच्छ टिंगल करायचा. एका रात्री लाइट गेलेले असताना मी मोबाइलच्या उजेडात त्याला हे नियम वाचून दाखवत होतो. वाट्यांचं कलम आलं तसा तो उठून बसला.

"आमच्याकडं पण वाट्यावरच असतं रे. डिझेल, बर्फ, रेशन आधी वजा. मग बोटीच्या मालकाचा वाटा. उरलं ते खलाशांत. तांडेलाला जास्त."

मी पुढचं कलम वाचलं. आठशे नाण्यांचं. तो म्हणाला, "परत वाच."

मी परत वाचलं. मग त्याने सांगितलं. आम्ही फर्स्ट इयरला असताना त्याच्या वडिलांची दोन बोटं विंचमध्ये सापडून गेली. मालकाने पहिल्या दिवसाचं हॉस्पिटलचं बिल दिलं, आणि हंगाम थांबत नाही म्हणून चार दिवसांत त्या जागी दुसरा माणूस घेतला. सरकारी अपघात विम्याची योजना होती, पण बोटीवरच्या खलाशांची नावंच कोणी नोंदवली नव्हती. वडील आता किनाऱ्यावर बसून जाळी शिवतात, आठ बोटांनी. दोन वर्षं एका खोलीत राहूनही यातलं काही मला माहीत नव्हतं.

"म्हणजे चोरांकडं होतं हे," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी शोधलं. जहाजावर काम करणाऱ्यांच्या हक्कांसाठी २००६ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. पगार, विश्रांतीचे तास, दुखापतीची भरपाई, सगळं त्यात आहे. फक्त मासेमारीच्या बोटी त्यातून वगळलेल्या आहेत.

यावरून चाचे थोर होते असं मात्र कोणी समजू नये. जॉन्सनच्याच पुस्तकात पुढे एक प्रसंग आहे. जानेवारी १७२२, पश्चिम आफ्रिकेतलं व्हिडा बंदर. ‘पॉर्क्युपाइन’ नावाच्या गुलामांच्या जहाजाचा कप्तान खंडणी द्यायला तयार होईना, म्हणून रॉबर्ट्सच्या माणसांनी ते जहाज पेटवलं. आत सुमारे ऐंशी माणसं दोघा-दोघांना साखळीने जखडलेली होती. साखळ्या सोडवायला वेळ कोण घालवणार? ज्यांनी पाण्यात उडी मारली त्यांना शार्कनी धरलं. म्हणजे प्रत्येकाला एक मत देणारी हीच ती टोळी. पण त्या ऐंशी जणांची नावं यांच्या यादीत नव्हती. पुढच्याच महिन्यात रॉबर्ट्स लढाईत मारला गेला. त्याच्या बावन्न माणसांना रीतसर खटला चालवून फाशी दिलं. टोळीतल्या काळ्या माणसांवर खटलाही चालला नाही, ती गुलाम म्हणून विकली गेली. म्हणजे कायद्याच्या यादीतही त्यांची नावं नव्हती!

तेव्हापासून मी समुद्रावरचं कुठलंही पुस्तक वाचताना खजिना कुठे पुरलाय हे बघत नाही. वाटे कोणाला मिळतात, फटके कोणाला बसतात आणि यादीत कोणाचं नाव नाही, ते बघतो. आपल्यापैकी बरेच जण उद्या साइटवर किंवा शॉपफ्लोअरवर जाणार. विंच, क्रेन, प्रेस आपण डिझाइन करणार, त्याच्याशी हात मात्र दुसऱ्याचा असणार. कॉन्ट्रॅक्टरचा हजेरीपट सहीसाठी आपल्याच टेबलावर येणार. सही करण्याआधी समोर उभी असलेली माणसं मोजून बघायला दोन मिनिटं लागतात.

असो. ही तिन्ही पुस्तकं कॉपीराइटमधून सुटलेली आहेत, नेटवर फुकट मिळतात. पीएलमध्ये उघडू नका, केटी लागली तर मी जबाबदार नाही. सुरुवात रॉबर्ट्सच्या नियमांपासून करा. एकूण अकराच कलमं आहेत, मेसच्या रांगेत उभ्या उभ्या वाचून होतात. नववं मात्र सावकाश वाचा.