गिऱ्हाईक देव असेल, तर त्या देवाला जात आहे

हल्ली आपल्या तरुणांसाठी नेतृत्वविकासाची शिबिरे जागोजागी भरतात. सल्लागार पडद्यावर आकृत्या दाखवत सांगतो, 'ग्राहक हाच राजा. त्याला काय हवे ते ओळखा, धंदा चालणारच. बाजाराला जात नसते.' आमची पोरे हे वहीत उतरवून घेतात. आमचा प्रश्न साधा आहे : हे खरे आहे का?

हा प्रयोग या देशात एका सल्लागाराने करून पाहिला आहे. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून, लंडनचे शिक्षण अर्धवट ठेवून १९१७ साली बाबासाहेब भारतात परतले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा मिळाली नाही. मग मुंबईत त्यांनी शेअर व गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरली, धंदा बंद पडला. सल्ल्यात खोट नव्हती, खोट गिऱ्हाइकाच्या डोक्यात होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला.

'ते जुने झाले,' असे कुणी म्हणेल. आमच्या जळकोटवरून सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो. या रस्त्यावर चहाचे हॉटेल टाकलेल्या आपल्या पोरांशी आम्ही बोललो आहोत. ट्रकवाला थांबतो, चहा पितो, पैसे देऊन जातो. त्याला मालकाचे आडनाव माहीत नसते. आजूबाजूच्या गावातल्या माणसाला ते माहीत असते, म्हणून तो पुढच्या हॉटेलात जातो. चहा तोच, दरही तोच. यावर 'ग्राहककेंद्री धोरण' काय उपाय सांगते? आडनाव लपवा?

म्हणून धंदा करू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट करावाच. पण गिऱ्हाइकाची मर्जी राखणे आणि हक्क मागणे यांतला फरक ओळखून करावा. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना उभी केली. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्र सरकारची खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या खरेदीतील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. सरकार हेही गिऱ्हाईकच आहे, आणि या गिऱ्हाइकाला नियमाने बांधता येते, जाब विचारता येतो.

नेतृत्वाचे शिक्षण बाबासाहेबांनाही महत्त्वाचे वाटत होते. १९५६ साली त्यांनी मुंबईत राजकारणात येणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. त्यामागे समाजाचा प्रश्न सभागृहात मांडू शकणारी माणसे घडवण्याचा विचार होता. स्वतःला विकायला शिकवणे हा त्याचा हेतू नव्हता.

तेव्हा मित्रांनो, शिबिराला जरूर जा. हिशेब शिका, उद्यम नोंदणी करा, सरकारी निविदा वाचायला शिका. आणि सल्लागाराने 'बाजाराला जात नसते' म्हटले, की हात वर करून विचारा : मग बाबासाहेबांची गिऱ्हाइके का गेली?

जय भीम!